पोट वाढले नव्हते, उंची घटली होती

साठीनंतर शरीराचा आकार बदलू लागला की त्याचा दोष स्वतःच्या जिभेला देणारी माणसे माझ्याकडे वरचेवर येतात. त्यांपैकी सत्तरीच्या एका बाईंची हकिगत, ओळखीचे तपशील बदलून, येथे मांडते. पोट पुढे आले म्हणून त्यांनी रात्रीचे जेवण आणि दूध बंद केले होते, आणि चारचौघांत जाणेही टाळले होते.

"वजन किती वाढले?" मी विचारले.

"वाढले कुठे? उलट उतरले. तरी पोट जात नाही, म्हणजे माझाच संयम कमी पडतोय."

अशा वेळी मी धीर देण्याची घाई करत नाही. दुःखाच्या मुळाशी बहुधा माणसाने घाईने काढलेला एखादा निष्कर्ष असतो आणि तो तपासता येतो, अशी माझी धारणा आहे. म्हणून पुढच्या भेटींत मी एकच विसंगती पुन्हा पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली: वजन उतरले असताना पोट वाढेल कसे? एके दिवशी त्या बोलता बोलता थांबल्या. "अहो, माझे जुने कपडेही हल्ली लांब होतात. वरच्या फळीवरचा डबा हाताला येत नाही." मग स्वतःच म्हणाल्या, "मी बुटकी झाले की काय?"

हे माझ्या मनात आधीच आले होते. पण ते त्यांच्या तोंडून येणे मला महत्त्वाचे वाटते, कारण सांगितलेले कारण माणूस विसरतो, पण स्वतः शोधलेले सोडत नाही. उंची मोजली, तेव्हा ती तरुणपणापेक्षा पाच सेंटिमीटर कमी भरली. डॉक्टरांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले दिसले आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीतला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे 2.5 च्याही खाली होता, म्हणजेच अस्थिविरलता (हाडे ठिसूळ करणारा ऑस्टिओपोरोसिस) होती. मणके दबले की बरगड्या कमरेकडे सरकतात आणि पोटातील अवयव पुढे ढकलले जातात. त्यांची उपासमार त्याच हाडांना आणखी दुबळे करत होती.

तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घटली असेल, तर पाठ दुखत नसली तरी तपासणी करावी, कारण मणक्याचे अस्थिभंग अनेकदा न कळतच होतात. सडपातळ राहिलो यात समाधान मानणाऱ्यांनीही सावध असावे. कमी वजनाच्या वृद्धांत खुब्याचे हाड मोडण्याचा धोका अधिक असतो. याचा अर्थ पोटाची चरबी हाडांना राखते असा मात्र नाही: पोटाच्या चरबीशी निगडित असलेल्या टाइप 2 मधुमेहात हाडांची घनता चांगली दिसूनही ती मोडण्याचा धोका वाढलेला असतो. डॉक्टरांनीच वजन उतरवायला सांगितले असेल, तर ते सावकाश उतरवावे, प्रथिने आणि कॅल्शियम कमी पडू देऊ नये आणि स्नायूंना ताकद देणारा व्यायाम जोडीला ठेवावा. मणका आधीच दबला असल्यास तो व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावा, कारण पुढे वाकून वजन उचलणे अशा पाठीला घातक ठरते.