एक दिवस, चार गाणी

प्रिय,

परवा तू पाठवलेली फाइल ऐकली. नावातच ‘फायनल ११’. आठ महिने एकाच गाण्यावर! गाणं चांगलं आहे हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर बोलत नाही. पण “आमचा आवाज अजून सापडला नाही, सापडला की रेकॉर्ड करू” हे तुझं वाक्य वाचून मला झोप लागली नाही.

सूझी अँड द बॅन्शीज या ब्रिटिश पंक बँडचं पहिलं पील सेशन ऐक. २९ नोव्हेंबर १९७७. कंपनीशी करार नाही, एकही रेकॉर्ड निघालेली नाही आणि बीबीसी रेडिओ वनवरच्या जॉन पीलच्या कार्यक्रमाचं बोलावणं. रीत ठरलेली: एक दिवस, चार गाणी. वाद्यं लावा, वाजवा, रात्रीपर्यंत मिक्सिंग उरकून घरी जा. जॉन मॅकेची गिटार काचेवर पत्रा ओढावा तशी वाजते. हा आवाज कुणी आधी शोधून आणलेला नव्हता गं, वाजवता वाजवता सापडत होता, आणि ते सापडणंच टेपवर आलंय. ‘लव्ह इन अ व्हॉइड’ सोडून बाकीची तिन्ही गाणी वर्षभराने ‘द स्क्रीम’ या त्यांच्या पहिल्या अल्बमवर आली. छान आली. मी मात्र परतपरत सेशनच लावतो.

तू म्हणशील, ‘हाँगकाँग गार्डन’ तर त्यांनीही पुन्हा केलं. केलं. फेब्रुवारी १९७८च्या दुसऱ्या सेशनमध्ये ते होतं. पुढे सिंगलसाठीचं पहिलं रेकॉर्डिंग पसंत पडलं नाही, म्हणून नव्याने वाजवलं आणि ऑगस्टमध्ये निघालेलं ते गाणं ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. नव्याने वाजवलं! जुनंच घासत बसले नाहीत. एक दिवस, चार गाणी.

आमचाही बँड होता. तीन वर्षं “पुढच्या महिन्यात” म्हणत राहिलो, मग ड्रमर नोकरीला बंगळुरूला गेला. आळस नव्हता तो. स्टुडिओचं भाडं परवडत नव्हतं, आणि अर्धवट काही जगापुढे ठेवू नये असं मनापासून वाटायचं. त्यात अगदीच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण तालमीच्या खोलीत टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही इतरांची गाणी ऐकायचो. आमचं एक मिनिटही माझ्याकडे नाही.

येत्या रविवारी सगळ्यांना बोलाव. फोन खोलीच्या मधोमध ठेव. चार गाणी. रात्री मला पाठव, फाइलच्या नावात फक्त तारीख घाल.

तुझा,
काका