एक्सेलमध्ये ए२ सेलमधलं महिन्याचं नाव बदललं की त्याच नावाच्या शीटमधली बी१० ची बेरीज कशी आणायची?

इनडायरेक्ट फंक्शन वापरा: =इनडायरेक्ट("'"&ए२&"'!बी१०"), अर्थात टाइप करताना इंग्रजी अक्षरांत. & ने जोडून तयार होतो तो नुसता मजकूर; इनडायरेक्ट त्याला सेलचा पत्ता समजून तिथली किंमत आणतं. दुहेरी अवतरणातलं ते एकेरी चिन्ह गाळू नका, नाहीतर ‘एप्रिल २४’सारखं मध्ये जागा असलेलं शीटचं नाव आलं की #रेफ! (पत्ता सापडत नाही) ही चूक ठरलेली. महिन्याच्या शीटचा हिशोब मी असाच ठेवतो. एक मात्र आहे: बी१० इथे मजकूर असल्यामुळे त्या शीटमध्ये वर एखादी ओळ घातली तर बेरीज बी११ मध्ये सरकते, सूत्र मात्र बी१० लाच चिकटून राहतं. एकाच शीटमधल्या वेगवेगळ्या ओळीतली किंमत आणायची असेल तर इंडेक्स फंक्शन बरं.