ब्राइटनेस कमी करायचा म्हणजे करंट कमी करायचा नाही

नवीन आहात म्हणून आधीच सांगतो, एलईडी डिस्प्लेच्या पॅनलमधले एलईडी मंद करायला करंट कमी करत बसू नका. करंट बदलला की रंगही सरकतो, हिरव्यात तर लगेच जाणवतं. करंट ठरावीक ठेवायचा आणि एलईडी झपाट्याने चालू-बंद करायचा. जितका जास्त वेळ चालू, तितका उजेड जास्त. यालाच पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. ५० टक्के वेळ चालू ठेवलं तर निम्मा उजेड दिसेल असं वाटतं ना? तसं होत नाही. डोळ्याला निम्मा वाटणारा उजेड साधारण २२ टक्क्यांवरच मिळतो. त्यासाठी गॅमा करेक्शनचा तक्ता लावतात, म्हणजे डोळ्याला हव्या त्या उजेडासाठी एलईडी किती वेळ चालू ठेवायचा याचा तक्ता; त्यातला घातांक बहुतेकदा २.२ असतो. पण तो ८ बिटमध्येच (० ते २५५ पातळ्या) बसवलात तर १ ते १४ या सगळ्या पातळ्या गोल होऊन शून्यावर येतात आणि अंधारे भाग सपाट काळे दिसतात. म्हणून इनपुट ८ बिट असलं तरी आउटपुट किमान १२ बिट ठेवा. चांगले ड्रायव्हर (एलईडी चालवणाऱ्या चिप) १६ बिट देतात.

अर्थात बिट वाढवले की एक चक्र पूर्ण व्हायला वेळ लागतो, रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा) घसरतो. डोळ्याला कळणार नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे लगेच दिसतील. शटर वेगवान ठेवून एकदा बघाच. १/१६ स्कॅनचं पॅनल (दर सोळा ओळींतली एका वेळी एकच पेटते असं) असेल तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला मुळात सोळावा हिस्साच वेळ येतो, हेही हिशेबात धरा.