लेचो घरी कसा करायचा? इकडे ती हंगेरियन पिवळी मिरची मिळत नाही, ढोबळी चालेल का?

लेचो म्हणजे हंगेरीची मिरची, कांदा, टोमॅटोची भाजी. त्यात ढोबळी चालेल, पण हिरवी नको. हिरवी ढोबळी शिजली की कडसर उतरते आणि लेचोची सगळी गोडी मारते. निम्मी पिवळी ढोबळी आणि निम्मी फिकट भावनगरी घ्या. मी पुण्यात अशीच करते.

पण लेचो खरा बिघडतो तो पाप्रिकाच्या, म्हणजे तिकडच्या गोड लाल मिरचीच्या, भुकटीवर. हे मी जीव तोडून सांगतेय, कारण आमच्या घरात नऊ वर्षं त्याचं नाव ‘मामीची कडू भाजी’ असं पडलंय.

नवऱ्याच्या संशोधनासाठी आम्ही तीन वर्षं हंगेरीत सेगेदला होतो. तिथल्याच विद्यापीठात असताना सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञांनी पाप्रिका मिरचीतून क जीवनसत्त्व ढिगानं मिळवलं होतं. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. त्या गावात मिरचीला मान आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक नेनी राहायच्या. नेनी म्हणजे आपल्याकडची काकू किंवा मावशी, वयानं मोठ्या बाईला तिकडे तशीच हाक मारतात. ऑगस्ट सरत आला की त्या फिकट पिवळ्या, निमुळत्या मिरच्या पिशव्या भरभरून आणायच्या. हिवाळ्याच्या बरण्या भरून होईपर्यंत दोन दिवस जिन्यात तोच वास.

त्यांनी मला लेचो शिकवला तो असा. कांदा डुकराच्या चरबीत मंद आचेवर, काचेसारखा होईपर्यंत परतला. मी पाप्रिकाच्या डब्याकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगटच धरलं. मग पातेलं उचलून लाकडी पाटावर ठेवलं, तिथे पाप्रिका घातली, दोनदा डाव फिरवला, लगेच चिरलेल्या मिरच्या वर लोटल्या आणि मगच पातेलं पुन्हा आचेवर चढवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला हंगेरियन. मनगट धरलं तेवढ्यात सगळं कळलं.

पाप्रिकात साखर भरपूर असते. कोमट होत आलेल्या चरबीत तिचा रंग सुरेख सुटतो, कडकडीत तेलात ती काही सेकंदांत जळते. आपलं तिखट जळलं तर ठसका लागतो, घरभर खोकतात, आपण धावत जाऊन गॅस बंद करतो. ही गोड मिरची मुकाट्यानं जळते.

परत आलो त्या वर्षी दिवाळीत सगळे आमच्याकडे होते. मी कांदा, मिरच्या चिरून ठेवल्या आणि पाहुणे आले म्हणून बाहेर गेले. तेवढ्यात वन्संनी तेल धूर निघेपर्यंत तापवलं, मोहरी तडतडवली आणि सेगेदहून आणलेल्या पुडीतली तीन चमचे पाप्रिका त्या तेलात टाकली. मी आत आले तेव्हा पातेल्यात तपकिरी चिखल होता, आणि खाली लागतंय म्हणून वर पेलाभर पाणीही ओतलेलं. जेवताना वन्सं म्हणाल्या, “तिकडच्या लोकांना चव म्हणून नाही.” पाहुण्यांसमोर मी गप्प बसले. त्यांच्या मुलांनी मात्र भाजीचं नाव ठेवलं ते ठेवलंच.

कडू लेचो नव्हता, कडू ती फोडणी होती.

किलोभर मिरचीला अर्धा किलो लालबुंद टोमॅटो, दोन मोठे कांदे, जेवणाचा एक मोठा चमचा पाप्रिका, मीठ. मिरच्या मीठ घालून झाकणाखाली दहा-पंधरा मिनिटं, मग टोमॅटो, मग आणखी तेवढाच वेळ. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मिरची आणि टोमॅटो स्वतःच इतकं पाणी सोडतात की शेवटी झाकण काढून आटवावं लागतं. मोहरी, जिरं, आलं, गरम मसाला यांचं इथे काही काम नाही. मिळमिळीत लागेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तो रस पावाला लावून खावा.

चरबी चालत नसेल तर सूर्यफुलाचं तेल घ्या, हंगेरीतही घेतात. शेंगदाण्याचं नको, त्याचा वास वर येतो. लसणाची एखादी पाकळी तिकडच्याही काही घरांत पडते, त्यावर मी भांडणार नाही. कोणी वरून अंडी फोडतं, कोणी धुरावलेला सॉसेज घालतं, कोणी तांदूळ. पाप्रिका मिळाली नाही तर काश्मिरी मिरचीची पूड निम्म्यानं घ्या, ती थोडी तिखट असते. तीसुद्धा पातेलं उतरवूनच.

यंदा दिवाळीत वन्सं आमच्याकडे आहेत. कांदा मी परतेन, पातेलं उतरवून त्यांच्यासमोर ठेवीन आणि पाप्रिकाचा चमचा त्यांच्याच हातात देईन.