वाचकांचे प्रश्न : बायका आत, पुरुष दाराशी

प्रश्न : आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी बाकं भरतात ती बायकामुलांनी. पुरुष शेवटच्या गीताला येतात, नाहीतर बाहेर मोबाइल बघत उभे. पाळक म्हणतात, ‘तुम्ही पुरुष मंडळ सुरू करा आणि पुढच्या निवडणुकीत वडील (मंडळीचा कारभार पाहणारे पदाधिकारी) म्हणून उभे राहा.’ मला तर चारचौघांत मोठ्यानं प्रार्थनाही करता येत नाही. हो म्हणू का?
– एक वाचक, वय ४२

उत्तर : पुरुष मंडळाला हो म्हणा, वडीलपदाला इतक्यात नको. पाळकांनी दोन्ही एका गाठीत बांधलं, तिथंच घोळ आहे.

मी स्वतः निवृत्त पाळक. पुरुषांना आम्ही दोनच जागा देतो : समितीची खुर्ची, नाहीतर बाक. खुर्च्या मोजक्या. त्या भरल्या की बाकीच्यांना ऐकून घरी जाण्यापलीकडे काम उरत नाही. बायकांचं तसं नसतं. आजाऱ्याकडे जाणं, बाळंतिणीची विचारपूस, संडे स्कूल... कुणी नेमलेलं नसलं तरी आपल्यावाचून काय अडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक घ्या, अध्याय ६ काढा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली, आणि त्या वाटपासाठी सात पुरुष निवडले गेले. भाषणासाठी नव्हे, पंगतीच्या सेवेसाठी! स्तेफन आणि फिलिप्प त्यांतलेच. त्यांचे उपदेश पुढच्या अध्यायांत येतात. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. त्यातूनच गरिबांची सेवा करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली.

तेव्हा उद्घाटन, पदाधिकारी, व्याख्यान यांच्या वाटेला जाऊ नका. एकटे राहणारे विधुर, दवाखान्यात न्यायला कुणी नाही असे म्हातारे तुमच्याकडे असतीलच. त्यांची यादी महिला मंडळाकडे तयार सापडेल. जाऊन मागून घ्या. मग दाराशी उभ्या असलेल्यांना एकेकाला गाठा. ‘पुरुषांनी पुढे यावं’ असं व्यासपीठावरून सांगितलं की सगळे शेजाऱ्याकडे बघतात. ‘शनिवारी चारला गाडी घेऊन ये, आजोबांना डॉक्टरांकडे न्यायचंय’ म्हटलं की माणूस येतो. दोघादोघांना पाठवा, येशूनंही शिष्यांना तसंच पाठवलं होतं.

मोठ्यानं प्रार्थनेचं म्हणाल, तर आजाऱ्याच्या उशाशी स्तोत्र २३ वाचा आणि प्रभूची प्रार्थना म्हणा. स्वतःचे शब्द हवेतच तर कागदावर लिहून न्या. अस्खलित प्रार्थना करणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली. आजारपणात त्यांतली निम्मी दिसत नाहीत.

वडीलपदाचा विचार वर्षभरानं करा. प्रेषित पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाचे, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याचे, गुण दिले आहेत : भांडखोर नसावा, द्रव्यलोभी नसावा, अतिथिप्रिय असावा. शिकवण्याची हातोटी सोडली तर जवळजवळ सगळा स्वभावच. सेवकांविषयी तर पौल म्हणतो, त्यांची आधी पारख व्हावी. तुमचीही होऊ द्या.

प्रश्न : माझे पती मंडळीचे वडील आहेत. सभा, हिशेब, बांधकाम, सगळीकडे तेच. घरी मात्र मुलांबरोबर प्रार्थनेला बसत नाहीत. बोललं तर म्हणतात, ‘देवाचंच काम करतोय ना?’
– एक भगिनी

उत्तर : ज्याला आपलं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार, हा पौलाचा प्रश्न त्यांनी स्वतःच अनेकदा वाचून दाखवला असेल. तुम्ही तो तोंडावर मारू नका, वादच होईल. झोपण्यापूर्वीची दहा मिनिटं त्यांच्याकडे सोपवा, उतारा मुलांना निवडू द्या, आणि त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. तुम्ही शेजारी बसलात तर ते काम पुन्हा तुमच्याच गळ्यात येईल. महिन्याभरात फरक पडला नाही, तर पाळकांना भेटून सांगा की यांच्याकडची एक जबाबदारी काढून दुसऱ्याला द्या. इतकी कामं एकाच माणसावर टाकली कुणी? हे उत्तर पतींना खुशाल दाखवा. रागावले तर माझ्यावर रागावू द्यात.