पाव मुठीचा हिशेब : गाडीतले बदल आणि ॲव्हरेज

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: गाडीत काहीतरी बदललं आणि ॲव्हरेज पडलं. उत्तरांआधी एक गोष्ट सांगायला हवी. रोजच्या चालवण्यात एक्सिलरेटरची मूठ पावापेक्षा जास्त क्वचितच पिळली जाते. सायलेन्सर, फिल्टर, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हे बदल मात्र बहुतेक वेळा पूर्ण मुठीची ताकद वाढवण्यासाठी केले जातात. पूर्ण मुठीसाठी केलेल्या खटाटोपात पाव मुठीचं हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडलं, की ॲव्हरेज गेलंच.

प्रश्न : माझी १५० सीसीची कार्ब्युरेटरवाली गाडी आहे. फ्री-फ्लो सायलेन्सर लावला, मूळ एअर बॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला. मेकॅनिकने मेन जेट ११२ चा १२० केला. गाडी वर छान ओढते, पण ॲव्हरेज ४५ वरून ३६ वर आलं. मेन जेट पुन्हा लहान करू का?

नको. मेन जेटचा खरा अंमल मूठ पाऊण पिळल्यानंतर सुरू होतो. ५०-६० च्या वेगाने सरळ रस्त्यावर जाताना तुमचं इंजिन पायलट जेट (कमी मुठीत पेट्रोल देणारा छोटा जेट) आणि सुईवर (मुठीबरोबर वर-खाली होत मधल्या मुठीचं पेट्रोल ठरवणारी) चालतं. त्यामुळे ९ किलोमीटरची घट एकट्या मेन जेटमुळे झालेली नसावी. उघडा फिल्टर लावला, की कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एअर बॉक्समुळे मिळणारा स्थिर प्रवाह जातो आणि मधल्या मुठीत गाडी अडखळायला लागते. ते अडखळणं घालवायला सुई वर उचलली जाते, पायलट जेट मोठा होतो, आणि मग दिवसभर जास्तीचं पेट्रोल जात राहतं. तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. उलट, फ्री-फ्लो सायलेन्सर तसाच ठेवून मेन जेट लहान केलात, तर पूर्ण मुठीत मिश्रण लीन होईल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडेल. पिस्टन जाम होण्याचा किंवा त्याचा माथा वितळण्याचा धोका तिथेच असतो.

आधी मूळ एअर बॉक्स आणि फिल्टर परत बसवा. या एका कामाने बरंचसं ॲव्हरेज परत येतं. वाढलेल्या हवेसाठी मेन जेट वाढवला होता, तेव्हा बॉक्स बसवल्यावर वरच्या मुठीत गाडी जड वाटू लागली तर मेन जेट एकेका आकड्याने खाली आणा, पण कंपनीच्या मूळ आकड्याखाली जाऊ नका. मग हँडलच्या मुठीवर पांढऱ्या टेपची एक पट्टी लावा आणि शेजारच्या स्थिर भागावर शून्य, पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा. आपण कोणत्या मुठीत आहोत हे डोळ्यांना दिसल्याशिवाय कार्ब्युरेटर सेट करणं म्हणजे अंदाजपंचे काम.

इंजिन १०-१५ मिनिटं चालवून पुरतं गरम करा. मिश्रणाचा स्क्रू कार्ब्युरेटरच्या इंजिनकडच्या अंगाला असेल तर तो पेट्रोलचा: आत फिरवला की लीन, बाहेर काढला की रिच (पेट्रोल जास्त). एअर फिल्टरकडच्या अंगाला असेल तर तो हवेचा, आणि त्याचं काम नेमकं उलटं. ही गल्लत फार होते. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत टेकवा आणि किती फेरे गेले ते लिहून ठेवा. जोराने आवळला तर त्याचं टोक आत मोडतं आणि बॉडी निकामी होते. आता दीड-दोन फेरे बाहेर काढा, गाडी चालू करा आणि पाव-पाव फेऱ्याने पुढे-मागे करत आयडलिंग जिथे सगळ्यात चढं लागतं ती जागा शोधा. प्रत्येक बदलानंतर इंजिनला काही सेकंद द्या. मग आयडलिंगच्या स्क्रूने आरपीएम खाली आणा. पेट्रोलचा स्क्रू असेल आणि ती जागा एका फेऱ्याच्या आत सापडली, तर पायलट जेट मोठा आहे. तीन फेऱ्यांच्याही पुढे गेली तर लहान.

त्यानंतर सुई. तिच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप बसते. क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली उतरते आणि मिश्रण लीन होतं. एका वेळी एकच खाच. पाव ते अर्ध्या मुठीत वेग कायम ठेवून चालवा आणि चोक किंचित ओढून पाहा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे, मंदावली तर रिच. एरवीही लीन गाडी मूठ स्थिर असताना मागेपुढे हिसके देते. रिच गाडी सुस्त, दबक्या आवाजात चालते आणि गरम झाल्यावर आणखी बिघडते.

प्लगचा रंग पाहायचा असेल तर त्या मुठीत दोन-तीन किलोमीटर चालवा, क्लच दाबून तिथेच किल स्विचने इंजिन बंद करा आणि मग प्लग काढा. घरापर्यंत आयडलिंगवर आलेल्या गाडीचा काळा प्लग फक्त आयडलिंगबद्दल सांगतो.

प्रश्न : मिश्रण जितकं लीन तितकं ॲव्हरेज जास्त, हे खरं ना? मग मेकॅनिक "इंजिन जळेल" म्हणून का घाबरवतात?

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १ भागाला १४.७ भाग हवा लागते. सर्वांत जास्त ताकद १२.५ ते १३ च्या आसपास मिळते, सर्वांत कमी पेट्रोल साधारण १५.५ ते १६ ला लागतं. त्याहून लीन केलं की ज्योत मंद पसरते, मधूनच एखादा स्फोट चुकतो आणि चुकलेल्या स्फोटाचं पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडतं. ॲव्हरेज पुन्हा पडायला लागतं. पाव मुठीत थोडं लीन असल्याने इंजिन जळत नाही, कारण तिथे उष्णताच कमी तयार होते. पूर्ण मुठीत, चढावर, दोघं बसलेले असताना लीन असेल तर मात्र जळतं. म्हणून खाली थोडं लीन, वर रिच.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर हिशेब बदलतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा ६-७ टक्क्यांनी कमी पडते आणि तोच जेट असताना मिश्रण आपोआप लीन होतं. जुन्या कार्ब्युरेटरवर अचानक हिसके सुरू झाले तर हे कारण विसरू नका.

प्रश्न : पुढचं स्प्रॉकेट १५ दातांचं काढून १६ चं टाकलं. आरपीएम उतरले, गाडी शांत चालते, तरी ॲव्हरेज ४५ वरून ४३.५ झालं. असं कसं?

आधी तुमचा वेगाचा सेन्सर कुठे आहे ते पाहा. पुढच्या चाकावर असेल तर मीटर बरोबर आहे. गिअरबॉक्सवर असेल, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटच्या फेऱ्या मोजत असेल, तर एक दात वाढवल्यापासून मीटर अंतर कमी दाखवतंय. तुम्ही लिहिलंय, की मीटरवर ३०० किलोमीटर झाले आणि ६.९ लिटर लागलं. खरं अंतर ३०० ला १६ ने गुणून १५ ने भागलं की येतं: ३२०. म्हणजे खरं ॲव्हरेज ४६.४. फोनच्या जीपीएसवर एकदा ताडून पाहा. शिवाय आता वेगही कमी दिसतो, हे गाडी चालवताना लक्षात ठेवा.

फायदा होतो तो आरपीएम सव्वासहा टक्क्यांनी उतरल्यामुळे. त्याच वेगासाठी मूठ थोडी जास्त उघडावी लागते, त्यामुळे अर्धवट बंद थ्रॉटलमधून (मुठीने उघडणाऱ्या झडपेतून) हवा ओढण्यात जाणारी शक्ती वाचते, घर्षणही घटतं. पण चढावर किंवा समोरून वारा असताना टॉप गिअर ओढत नसेल आणि तुम्ही सारखे एक गिअर खाली उतरत असाल, तर मिळालेलं सगळं परत जातं. एकाच्या पुढे दुसरा दात वाढवू नका. स्प्रॉकेट कव्हरच्या आत किंवा चेन गार्डला चेन घासत नाही ना, आणि ताण पुन्हा पुस्तकात दिलेल्या मापाला आला ना, हे बघा. ताठ चेन बेअरिंग खाते आणि ॲव्हरेजही.

प्रश्न : फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला दुसरा सायलेन्सर लावला. "ईसीयू (पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा संगणक) स्वतः जुळवून घेतं" असं सांगितलं होतं. तीन-चार किलोमीटर ॲव्हरेज कमी झालं आहे, आणि मूठ सोडली की फटफट आवाज येतो.

सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर असलेली ईसीयू सावकाश एकसारख्या वेगात मिश्रण १४.७ च्या आसपास धरून ठेवते. पूर्ण मुठीत ती सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल देते. म्हणजे पाव मुठीत सांगितलेलं खरं ठरायला हवं होतं. ठरलं नाही, तर सर्वांत आधी इंजिनच्या हेडला नळी जिथे बसते तो सांधा तपासा. तुमच्या फटफट आवाजावरून आमचा संशय तिथेच जातो.

सेन्सरच्या आधी बारीकशी गळती असली, की दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी नळीत बाहेरची हवा ओढली जाते. सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं मिश्रण लीन आहे, आणि ती पेट्रोल वाढवत जाते. इंजिन थंड असताना सांध्यावर साबणाचं पाणी लावा, गाडी सुरू करून लगेच पाहा: फुगे येतील किंवा कडेला काजळीची रेघ दिसेल. जुनं गॅस्केट एकदा चेपलेलं असतं, ते पुन्हा धरत नाही. नवं टाका आणि दोन्ही नट आळीपाळीने, थोडे-थोडे आवळा. नव्या सायलेन्सरवर सेन्सरची जागाच नसेल आणि तो मोकळा लोंबत असेल किंवा त्याच्या जागी रेझिस्टर जोडला असेल, तर ॲव्हरेज परत मिळवण्याचा मार्ग एकच: सेन्सरची जागा असलेला सायलेन्सर. मूळ नळीबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर स्वच्छ करणारा भाग) गेला असेल, तर धुराच्या तपासणीतही गाडी अडकेल.

तापमान सेन्सरच्या वायरीत जोडायच्या "पॉवर चिप" पासून दूर राहा. त्या ईसीयूला इंजिन थंड आहे असं भासवतात, म्हणजे तुम्ही जणू चोक ओढून गाडी चालवत राहता.

प्रश्न : हेड घासून कॉम्प्रेशन ९ चं १० केलं तर ॲव्हरेज किती वाढेल?

कागदावर सुमारे ३ टक्के, प्रत्यक्षात त्याहून कमी. १५० सीसीच्या इंजिनात ९ च्या कॉम्प्रेशनला वरची पोकळी १८.७५ सीसी असते, १० ला १६.७ सीसी. दोन सीसी कमी करायला ५७ मिलिमीटरच्या बोअरवर निदान ०.८ मिलिमीटर घासावं लागेल. त्याने कॅम चेन सैल पडते, कॅमचं टायमिंग मागे सरकतं, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर घटतं. नंतर इंजिन नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठकठक) करायला लागलं तर ठिणगीचं टायमिंग मागे घ्यावं लागतं आणि मिळवलेलं तिथेच संपतं. केवळ ॲव्हरेजसाठी हे करू नका. मोठा बोअर किंवा तेज कॅम टाकून ॲव्हरेज वाढण्याची तर आशाच नको.

प्रश्न : चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, हायड्रोजन किट, इरिडियम प्लग यांतलं काय चालतं?

पहिल्या तिन्हींचा उपयोग नाही. हायड्रोजन किटला लागणारी वीज इंजिनच तयार करतं आणि त्यात मिळण्यापेक्षा जास्त जातं. इरिडियम प्लग जास्त टिकतो. चांगल्या स्थितीतला साधा प्लग काढून तो लावला म्हणून ॲव्हरेज वाढत नाही.

प्रश्न : गाडीत काहीही बदललेलं नाही. ६०,००० किलोमीटर झाले, ॲव्हरेज हळूहळू ५५ चं ४४ झालं. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, फिल्टर आणि प्लग नवे आहेत. प्लग पुन्हा काळा होतो.

कार्ब्युरेटरमधली सुई काढून उजेडात धरा. एका बाजूला चकाकणारा पट्टा दिसला तर कारण सापडलं. सुई ज्या पितळी नळीत खालीवर होते त्या नीडल जेटचं भोक घासून अंडाकृती झालेलं असतं. ते डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण पाव ते अर्ध्या मुठीत तिथूनच जास्तीचं पेट्रोल वर येतं आणि कितीही साफ केलं तरी फरक पडत नाही. सुई आणि नीडल जेट जोडीनेच बदला. बरोबरीने फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी धरणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची मोजा आणि चोकचा प्लंजर पूर्ण बसतो का, त्याचं रबर फाटलेलं नाही ना, ते पाहा. आधी कोणी तार घालून पायलट जेट साफ केला असेल तर तोही नवा टाका.

कार्ब्युरेटरआधी दहा मिनिटांच्या दोन तपासण्या करा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन दोन्ही चाकं हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल तर लगेच कळेल. आणि इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हवरची मोकळी फट) मोजा. अंतर कमी झालं असेल तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून ते ठीक आहेत असं समजू नये. घट्ट टॅपेट आवाज करत नाहीत.

प्रश्न : ॲव्हरेज नेमकं कसं मोजायचं? दोन लिटर टाकून पाहतो तेव्हा दर वेळी वेगळं येतं.

दोन लिटरमध्ये पाव लिटरची चूक झाली तर उत्तर बारा टक्क्यांनी चुकतं. तेवढाच फरक तुम्ही जेट बदलून शोधत असता. मधल्या स्टँडवर, टाकीच्या गळ्यातल्या एकाच खुणेपर्यंत भरा, किमान ३०० किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. अशा तीन टाक्यांची सरासरी घ्या. दोन्ही टायरची हवा सकाळी थंड असताना तपासलेली हवी. वेगही तोच ठेवा: ६० ऐवजी ८० ने गेलात तर वाऱ्याचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो. मधल्या काळात गाडीत एकच बदल करा आणि तारीख, मीटर, लिटर, टायरची हवा, क्लिपची खाच आणि स्क्रूचे फेरे वहीत लिहीत जा. पुढचा प्रश्न पाठवताना त्या वहीतल्या ओळी सोबत दिल्यात, तर नेमकं उत्तर देता येईल.