आजारपण ही पापाची शिक्षा असते का?

प्रश्न : आईला अर्धांगवायू झाल्यापासून माझी प्रार्थना सुटली आहे. चर्चच्या मंडळीतले म्हणतात, 'पापाची शिक्षा आहे, सोसा म्हणजे वाढाल.' खरंच?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच तर्क काढला, तो येशूने खोडला (बायबल, योहान ९:३). बायबलमधल्याच रोमकरांस पत्रातला (५:३-४) क्रम संकट, धीर, शील, आशा असा आहे. लोक धीर गाळून थेट आशेवर उडी मारतात, तिथेच बिनसतं. रोज बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्यानं वाचा. सहाच वचनं : दोन तक्रारीची, दोन मागणीची, दोन भरवशाची. भरवशाची तोंडातून निघत नसतील तर चौथ्यावर थांबा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. सल्ला देणाऱ्यांना मात्र आईजवळ एक रात्र जागायला बोलवा!